मोर्णेवर आक्रमण कोणी केले?

#थ्रेड

१/ इतिहासप्रेमी मित्रहो, ‘परकीय आक्रमण’ हा शब्दप्रयोग आपल्या फार आवडीचा आहे. अकोल्याच्या मोर्णेवर जलपर्णी पसरलेली दिसली की आपण तोच शब्द तिलाही लावतो. माझा आक्षेप याच शब्दावर आहे. वेशीचे दार आतून कोणी उघडले, हा प्रश्न तो विचारूच देत नाही.

२/ जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, यात वाद नाही. तिच्या जांभळ्या फुलांना भुलून माणसाने तिला देशोदेशींच्या उद्यानांत नेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले, कारण शत्रूनेच ती पाण्यात सोडली अशी वदंता होती.

३/ १९२१ मध्ये बंगाल सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३६ मध्ये जलपर्णीविरुद्ध स्वतंत्र कायदाही झाला. पण रेल्वेच्या भरावांनी पाण्याच्या वाटा ठिकठिकाणी अडवल्या होत्या आणि अशा तुंबलेल्या पाण्यात तिचे फावत होते. ते भराव घालणाऱ्यांना मात्र कोणी ‘जर्मन’ म्हटले नाही.

४/ परकेपण हाच गुन्हा असेल, तर वऱ्हाडी ठेच्यातली मिरची आधी हद्दपार करावी लागेल. तीही अमेरिकेतूनच आली. आपल्या शेतातला बहुतेक कापूसही आज अमेरिकन जातीचाच आहे. म्हणून वनस्पतीच्या जन्मगावापेक्षा तिला इथे काय मिळाले, हे पाहणे अधिक न्याय्य ठरते.

५/ निरोगी नदीत पाणवनस्पतींची एक व्यवस्था असते. काही तळाशी मुळे रोवून पाण्याखाली वाढतात. त्यांना तळापर्यंत ऊन पोहोचावे लागते. काठावर लव्हाळे आणि पाणकणीस असते. संथ डोहांत आणि तळ्यांत कमळ, कुमुद, शिंगाडा. मोकळ्या तरंगणाऱ्या झाडोऱ्याला तर दरसालचा पूर वाहून नेतो.

६/ जलपर्णीला हवे असते थांबलेले पाणी आणि नत्र-स्फुरदाचा भरपूर खुराक. दोन्हींचा पुरवठा आपणच करतो. अकोला शहर काटेपूर्णा धरणाचे पाणी पिते आणि वापरलेले पाणी मोर्णेत सोडते. मोर्णेच्या वरच्या अंगाला, पातूर तालुक्यात, धरण आहे. अशा नदीत पावसाळा सरल्यावर प्रवाह क्षीण होतो आणि नाल्यांचा वाटा वाढतो.

७/ अमरावतीची कथा याहून विलक्षण आहे. तिथे पिण्याचे पाणी अप्पर वर्धा धरणातून, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातून येते. सांडपाणी मात्र अंबा नाल्याने पेढी नदीकडे, पेढीतून पूर्णेला आणि पूर्णेतून तापीला जाते. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी आपण मैला मिसळून अरबी समुद्राच्या वाटेला लावले आहे.

८/ पुढचे सारे ओघानेच घडते. अनुकूल पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या दाट पसाऱ्याखाली ऊन पोहोचत नाही आणि पाण्याखालच्या वनस्पती मरतात. त्या कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. जलपर्णीचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. रोग सांडपाण्याचा आहे. जलपर्णी हे त्याचे अंगावर उठलेले लक्षण आहे.

९/ पुरात मोठाली झाडे जातात आणि लव्हाळे तगते, हा दृष्टान्त आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण पूर्णेच्या पात्रातून वाळू उपसताना तो काठच उचलून नेला, तर लव्हाळ्याने कोणापुढे वाकायचे? त्याची नम्रता पुरापुढे कामी येते, ट्रॅक्टरपुढे येत नाही.

१०/ नाल्यांच्या काठी फोफावणाऱ्या दुसऱ्या एका अमेरिकन झुडपाला आपल्याकडे ‘बेशरम’ म्हणतात. नाव मोठे अर्थपूर्ण आहे. फक्त ते कोणाला शोभते, याचा विचार व्हावा.

११/ १३ जानेवारी २०१८ रोजी हजारो अकोलेकर मोर्णा स्वच्छ करायला पात्रात उतरले. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचा गौरव केला. त्या श्रमांची थट्टा करणे हा करंटेपणा ठरेल. पण नाल्यांचे पाणी नदीत येणे थांबले नाही आणि जलपर्णी परतली. दोष त्या हातांचा नव्हता. त्या हातांवर सारा भार टाकून स्वस्थ बसलेल्या व्यवस्थेचा होता.

१२/ ज्यांच्या नावाने आपण झाडू उचलतो त्या गाडगेबाबांनी पूर्णाकाठच्या ऋणमोचनला घाट बांधला. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला तोही वलगावजवळ, पेढीच्या काठी. आज अमरावतीचे सांडपाणी त्याच पेढीकडे जाते. पुण्यतिथीला फोटोवर हार घालताना एवढे तरी आठवावे.

१३/ ‘यात इतिहास कुठे आहे?’ असे विचारणाऱ्यांना एकच उत्तर. अकोल्याचा असदगड मोर्णेच्या काठी उभा आहे. नदीला वगळून त्याची जागा समजत नाही. बुरुजाचा दगड ढासळला तर आपण पोस्ट लिहितो. त्याच्या पायथ्याची नदी कुजली, तर तो विषय महानगरपालिकेचा कसा होतो?

१४/ १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली गेले. तेव्हापासून दप्तरांत कापसाच्या गाठी, शेतसारा, रेल्वे यांचे आकडे साठत गेले, कारण त्यांतून महसूल मिळत होता. डोहातल्या वनस्पतीला सारा लागत नाही. अशा गोष्टींचा इतिहास भोई आणि ढीवर समाजातल्या वृद्धांच्या स्मरणात असतो. तो टिपून घेणे हेही इतिहासकाराचेच काम आहे.

१५/ म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदीत सोडू नये. धरणांतून नदीसाठीही पाणी सुटावे. वाळूउपशाला खरा आळा बसावा. जलपर्णी जरूर काढावी, पण या तिन्हींसोबत.

१६/ आक्रमणांचा इतिहास वाचताना आपण फितूर शोधतो. मोर्णेच्या बाबतीत तो शोध फार लांबवर करावा लागणार नाही. आपल्या न्हाणीघरातले पाणी कुठे जाते, एवढे विचारले तरी पुरे.