रेडिओलॉजिस्टची वॉर्डातली उमेदवारी
रेडिओलॉजिस्ट होण्याआधी रुग्णाच्या खाटेपाशी घालवलेला काळ पुढे प्रत्येक रिपोर्टमध्ये कामी येतो. भारतात एमबीबीएसच्या वर्षभराच्या इंटर्नशिपनंतर तीन वर्षांचे एमडी असते. अमेरिकेत चार वर्षांच्या रेडिओलॉजीआधी एक वर्ष मेडिसिन, सर्जरी अशा विभागांत काढावे लागते. छातीच्या एक्स-रेवरचा पांढरा डाग ताप-खोकला असलेल्या रुग्णात न्यूमोनियाचा असू शकतो, तर पाय सुजलेल्या, आडवे होताच धाप लागणाऱ्या रुग्णात हृदय थकल्याने फुप्फुसात साचलेल्या पाण्याचा. फिल्म कधी सारखीच दिसते. उलगडा रुग्णाच्या लक्षणांतून होतो. सीटी स्कॅनचे कॉन्ट्रास्ट देण्याआधी मूत्रपिंडाची स्थिती सांगणारे क्रिएटिनिन पाहणे, कॉन्ट्रास्टची तीव्र ॲलर्जी उठल्यास तत्काळ ॲड्रिनॅलिन टोचणे, हेही वॉर्डातच अंगवळणी पडते. उपचार करणाऱ्याला नेमके काय हवे असते, हे ठाऊक असलेला रेडिओलॉजिस्टच निर्णयाला उपयोगी पडेल असा रिपोर्ट लिहितो.