तेवीस मजले कुणासाठी?

मुंबईत नरिमन पॉइंटला समुद्रासमोर उभी असलेली एअर इंडियाची २३ मजली इमारत राज्य सरकारने घ्यायची ठरवली आहे. हा व्यवहार मुंबईपुरता नाही. त्यात जाणारा पैसा जळगाव-धुळ्याचाही आहे, म्हणून त्याचा हिशेब आपणही मागितला पाहिजे.

ही इमारत १९७४ सालची. समुद्रात भराव घालून केलेली जमीन राज्य सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली. इमारत केंद्राच्या मालकीच्या विमान कंपनीची. अर्धा घोडा, अर्धा माणूस असलेला माथ्यावरचा धनुर्धर मरीन ड्राइव्हवरून ओळखू येई. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांतला एक स्फोट इथेच झाला, माणसे दगावली. २०१३ मध्ये कंपनीचे मुख्यालय दिल्लीला हलले आणि मजले भाड्याने देण्यावर भर आला. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली, पण ही इमारत त्या सौद्यात नव्हती. ती केंद्राच्या एआय अ‍ॅसेट्स होल्डिंग कंपनीकडे राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १,६०१ कोटी रुपयांना ती घ्यायला मंजुरी दिली, मार्च २०२४ मध्ये केंद्रानेही होकार दिला. शिवाय अनर्जित उत्पन्न आणि त्यावरील व्याजापोटी राज्याचे जे २९८ कोटी ४२ लाख रुपये येणे होते, त्यावरही पाणी सोडण्यात आले. म्हणजे जमीन आपली, थकबाकीही आपणच माफ केली आणि वर किंमतही आपणच मोजायची.

तरीही ही खरेदी योग्य आहे, असे आमचे मत आहे. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले खाक झाले आणि अनेक कार्यालयांची पांगापांग झाली. पाणीपुरवठा विभागाचा पत्ता आजही गोकुळदास तेजपाल (जीटी) रुग्णालय संकुलातला, वैद्यकीय शिक्षणाचाही तिथलाच. चोपडा तालुक्यातला सरपंच गावच्या नळयोजनेची फाईल घेऊन अमरावती एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी सीएसएमटीला उतरतो. मंत्रालयाच्या दारात पाससाठी रांग लावतो, आत गेल्यावर कळते की हा विभाग इथे नाहीच. सरपंच रुग्णालय संकुलात पोहोचेपर्यंत साहेब बैठकीला गेलेले असतात. धुळ्या-शिरपूरहून एसटीने येणाऱ्याची गत वेगळी नाही. मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर ४६,४७० चौरस मीटर जागा मिळत असेल, तर ही वणवण थांबवता येईल.

मात्र नुसती उंची कामाची नाही, हे जळगावकरांना सांगायला नको. आपल्या महापालिकेची १७ मजली इमारत नगरपालिकेच्या काळातच उभी राहिली. २००३ मध्ये महापालिका झाली तेव्हा मुख्यालय तयार होते. राज्यात क्वचितच कुठल्या शहराला असे मुख्यालय लाभले असेल, त्याचा अभिमान आपल्याला आहेच. पण घरपट्टीची तक्रार घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाला इमारत किती मजली आहे याच्याशी कर्तव्य नसते. लिफ्ट चालू आहे का, टेबलावर माणूस आहे का आणि अर्जाची पोच मिळते का, एवढेच त्याला हवे असते.

मुंबईतल्या इमारतीलाही हीच कसोटी लावावी. तळमजला मंत्र्यांच्या दालनांना नव्हे, जनतेला द्यावा. मुंबईत विखुरलेल्या सर्व विभागांची आवक तिथे एका सभागृहात असावी. अर्ज दिला की शिक्क्याची पोच मिळावी, फाईल कोणत्या कक्षात अडली हे तिथेच कळावे आणि रात्रीच्या गाडीने आलेल्याला बसायला जागा, प्यायला पाणी असावे. भाड्याच्या किती जागा सोडल्या आणि त्यातून दरसाल किती रुपये वाचले, याचा हिशेब सरकारने विधिमंडळात ठेवावा. जी कामे जळगाव-धुळ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत होऊ शकतात, त्यांसाठी कुणाला मुंबईला बोलावूच नये.

खान्देशच्या आमदारांनी हे सारे आताच लेखी मागून घ्यावे. मजल्यांची वाटणी एकदा झाली की तळमजला परत मिळत नाही.