उत्तर कळल्यावर कोडे सोपेच

सुती सदऱ्याला सुरकुत्या पडू नयेत म्हणून कापडावर रसायन चढवून ते तापवतात. ही क्रिया जलद घडवतो तो उत्प्रेरक. कार्बोक्सिलिक आम्लांनी असे कापड तयार करता येते, हे १९६०च्या दशकातच माहीत होते. तरी त्या आम्लांसोबत सोडियम हायपोफॉस्फाइटसारखे क्षार वापरण्याचे पेटंट वेल्च आणि अँड्र्यूज यांना अमेरिकेत १९८९ साली मिळाले. आम्ल जुने, क्षारही जुना. मग शोध कोणता?

पेटंटचे बरेच वाद याच प्रश्नावर अडतात. आपल्याकडे १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने भांडी कातताना यंत्रात धरून ठेवण्याच्या युक्तीचे पेटंट टिकू दिले नाही. नेहमीच्या कारागिरीतली सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हा त्यामागचा विचार. तो योग्यच आहे. किरकोळ बदलावर वीस वर्षांची मक्तेदारी मिळाली, तर छोटे प्रक्रिया कारखाने अडचणीत येतील.

पण उत्तर कळल्यावर कोडे सोपेच वाटते. अर्जाच्या तारखेला जाणकाराला नेमका हाच क्षार सुचला असता का, हे त्याआधीच्या कागदपत्रांवरूनच ठरावे, असे आम्हाला वाटते. भारतात पेटंट मिळण्याआधी कोणालाही हरकत घेता येते. म्हणून या व्यवसायातील सभासदांनी जुनी छापील माहितीपत्रके आणि तांत्रिक लेख तारखांसह जपून ठेवावेत. हरकतीला आधार त्यांचाच असतो.