बांध आणि गाळ

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला कीं कयाधूचें पाणी गढूळ व दाट होऊन वाहूं लागतें. तें पाहून वरच्या अंगास पाऊस चांगला झाला, असें समाधान आपण मानतों; परंतु पाण्यास तो रंग कोठून आला, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो रंग आपल्याच शेतांतील मातीचा आहे. पेरणीसाठीं वखरून भुसभुशीत केलेल्या उघड्या रानावर सरी कोसळतात आणि जमिनीचा सर्वांत कसदार असा वरचा थर ओढ्याच्या वाटेनें निघून जातो.

ही माती आपण निर्माण केलेली नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसाचा खडक झिजून ती बनली. इंचभर थर तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात; तो वाहून जाण्यास थोडे पावसाळे पुरतात. वसमतची हळद असो कीं सेनगांव-कळमनुरीकडील सोयाबीन व तूर असो, सर्वांचें भांडवल हेंच. मुद्दलास हात लागला कीं व्यापारी सावध होतो; आपण मात्र दरसाल मुद्दल खर्चून त्यासच उत्पन्न म्हणत आहों.

या हानीचा सर्व दोष पावसावर टाकणें न्यायाचें नाहीं. आपल्या वडिलांच्या वेळचे बांध आठवून पाहावे. ते रुंद असत, त्यांवर गवत व बोरी-बाभळी वाढत; वाहतें पाणी तेथें थबके आणि माती खालीं बसे. आज दोघे शेजारी दोन्ही बाजूंनीं दरसाल थोडाथोडा बांध कोरीत जातात. दोन काकऱ्या अधिक मिळाल्या, याचा आनंद दोघांसही होतो. पुढें हद्दीचा तंटा कचेरींत जातो. आणि ज्या जमिनीसाठीं तंटा, तिची माती तोंवर तलावांत जाऊन बसलेली असते.

२०१७ सालीं राज्य शासनानें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. तलावांतील गाळ शेतांत परत यावा, हा हेतु उत्तमच आहे. तथापि जी माती फुकट जाऊं दिली, तीच यंत्रानें उपसून, डिझेल जाळून परत आणावी लागते, हें विसरतां कामा नये. शिवाय ती दहा शेतांतून जाते आणि परत येते एखाद्याच शेतांत.

कोणी म्हणतील, वांटण्या होऊन दोन एकर वांट्यास आले. त्यांत बांधास जागा कोठून सोडावी? हा आक्षेप खोटा नाहीं, आणि तो करणाऱ्यांची अडचण आम्ही जाणतों. परंतु सातबाऱ्यावर क्षेत्राची नोंद असते, मातीच्या खोलीची नसते. क्षेत्र तेवढेंच राहून खालीं मुरूम उघडा पडला, तर वाढलेल्या दोन काकऱ्यांत काय पिकणार? थोडी जमीन असणारासच माती गमावणें कमी परवडतें. अमेरिकेसारख्या विस्तीर्ण देशासही १९३० नंतरच्या धुळीच्या वादळांनीं हें शिकविलें, आणि १९३५ सालीं तेथें मृत्संधारणाचा कायदा करावा लागला.

यास्तव सभासद बंधुभगिनींस आमची तीन गोष्टींची विनंति आहे. येत्या पेरणीपूर्वीं शेजाऱ्यासह बांधावर उभें राहून तो दोघांच्या खर्चानें पूर्ववत् करावा. पेरणी उतारास आडवी करावी; सोयाबीनसाठीं परभणीच्या कृषि विद्यापीठानें शिफारस केलेली रुंद वरंबा-सरीची पद्धत आपल्या भारी जमिनींत अवश्य करून पाहावी. तिसरें, सोयाबीनचें कुटार व पऱ्हाटी शेतांत जाळूं नये; कुजवून मातीसच परत द्यावी.

यांपैकीं पहिल्या कामास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाहीं. शेजाऱ्याशीं अबोला असेल, तर तो आधीं सोडावा लागेल इतकेंच.