नाबोथाचा मळा आणि गावचे पंच

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी क्वालालंपूरच्या शिखर परिषदेत आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेने, म्हणजे आसियानने, तिमोर-लेस्तेला आपले अकरावे सदस्यराष्ट्र म्हणून सामावून घेतले. ध्वज लागला, टाळ्या झाल्या, आणि धाकट्या भावाला थोरल्यांनी अखेर पंगतीला बसवले अशा थाटाची भाषणेही झाली. आपल्याकडेही ज्यांच्या कानी ही वार्ता आली त्यांना आनंद झाला. आशियात फिलिपाईन्सखेरीज कॅथॉलिक बहुसंख्येचा हा एकच देश. त्याचे भले झाले तर आपल्याला बरे वाटावे हे साहजिकच आहे. मात्र या आनंदात 'धीराचे फळ गोड' अशी जी सोयीस्कर कथा मिसळली जात आहे, तिच्याविषयी मला तक्रार करावयाची आहे. ज्यांनी पंगत वाढली, त्यांनीच एके काळी या धाकट्याचे घर जळताना दारे लावून घेतली होती. ते विसरून केलेले अभिनंदन हा मृतांचा अपमान होय.

तिमोर हे बेट पोर्तुगीज व डच यांनी वाटून घेतले होते. पूर्वेचा भाग पोर्तुगीजांकडे राहिला. ज्या सत्तेच्या कोटाचे भग्न अवशेष आजही वसईत उभे आहेत, तीच ही सत्ता. वसईतून ती १७३९ साली गेली. तिमोरमध्ये मात्र १९७५ पर्यंत रेंगाळली. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनची हुकूमशाही कोसळली आणि वसाहतींचे ओझे झटकण्याची पोर्तुगालला घाई झाली. तिमोरमध्ये पक्ष निघाले, आपसात लढले आणि २८ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रेतिलिन या पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केले. ते नऊ दिवस टिकले. ७ डिसेंबरला इंडोनेशियाच्या फौजा दिलीत उतरल्या. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जाकार्तात सुहार्तो यांच्या भेटीला होते.

राजांच्या पहिल्या ग्रंथातील नाबोथाची कथा आपण मिस्सेत ऐकतो. अहाब राजाला शेजारच्या नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. वाडवडिलांचे वतन म्हणून नाबोथ तो देत नाही. मग ईजबेल राणी राजाच्या नावाने पत्रे लिहिते. ती पत्रे कोणाला जातात? गावच्या वडीलधाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना. ते उपास जाहीर करतात, खोटे साक्षीदार बसवतात, नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार करवतात आणि काम झाल्याचा निरोप वाड्यावर धाडतात. प्रवचनांत अहाब येतो, ईजबेल येते, संदेष्टा एलिया येतो. या पंचांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. मला बोलावयाचे आहे ते त्यांच्याविषयीच.

आक्रमणानंतर पाचच दिवसांनी, १२ डिसेंबर १९७५ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इंडोनेशियाने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला. बाजूने ७२ मते पडली, विरोधात १० आणि तटस्थ राहिले ४३. आसियानमध्ये तेव्हा पाच राष्ट्रे होती. इंडोनेशियाबरोबर मलेशिया, थायलंड आणि फिलिपाईन्स यांनी विरोधात हात वर केला. सिंगापूर तेवढे तटस्थ राहिले आणि पुढे तेही त्याच रांगेत जाऊन उभे राहिले. त्या दहांमध्ये आणखी एक नाव होते, भारताचे. देशात तेव्हा आणीबाणी होती आणि आपणा नागरिकांना कोणी काही विचारत नव्हते, हे खरे. पण मत आपल्याच नावाने पडले आहे.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. दोन महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी, या पाच राष्ट्रांनी मैत्री व सहकार्याच्या करारावर सह्या केल्या. त्यात सार्वभौमत्वाचा आदर होता, एकमेकांच्या कारभारात हस्तक्षेप न करण्याची हमी होती आणि बळाचा वापर वर्ज्य करण्याची शपथही होती. सह्या झाल्या त्या बाली बेटावर, इंडोनेशियाच्याच भूमीत. तिमोरच्या डोंगरांत त्या वेळी गावेच्या गावे जीव मुठीत धरून पळत होती. जुलै १९७६ मध्ये सुहार्तो यांनी तिमोर हा आपला सत्ताविसावा प्रांत असल्याचे जाहीर केले आणि बालीचे करारकर्ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

कोणी म्हणेल, हस्तक्षेप न करणे हे त्यांचे तत्त्वच होते. दुर्बल राष्ट्रांच्या संघटनेने दुसरे काय करावे? हा युक्तिवाद कंबोडियाने खोटा ठरवला आहे. डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामने कंबोडियात सैन्य घुसवले, तेव्हा हीच आसियान खडबडून जागी झाली. तिने आमसभेत वर्षानुवर्षे ठराव आणले, परकीय फौजा मागे घेण्याची मागणी लावून धरली आणि पोल पॉटच्या ज्या राजवटीने आपल्याच लाखो प्रजाजनांना मारले, तिचे संयुक्त राष्ट्रांतील आसन राखण्यासाठीही शर्थ केली. लहान देशात मोठ्या शेजाऱ्याने सैन्य घातले तर जगाने बोललेच पाहिजे, हे तत्त्व आसियानला तोंडपाठ होते. कंबोडियासाठी ते मोठ्याने म्हटले जाई आणि तिमोरचे नाव निघाले की तेच विसरले जाई. १९८२ साली तिमोरचा ठराव पुन्हा मताला आला, तेव्हा बाजूने ५० आणि विरोधात ४६ मते पडली. सात वर्षांत दहांचे शेहेचाळीस झाले होते! त्यानंतर हा प्रश्न आमसभेत मताला टाकण्याची हिंमतच उरली नाही. हा अहस्तक्षेप नव्हता. बळी तो कान पिळी, आणि इतरांनी कान पकडून द्यावा, असा तो व्यवहार होता.

दुसरी सबब साम्यवादाची. सायगाव नुकतेच पडले होते, फ्रेतिलिन डाव्या वळणाची होती, दारात दुसरा क्युबा उभा राहील अशी भीती होती. ही भीती केवळ सेनापतींना होती असे नव्हे. दिलीच्या तत्कालीन पोर्तुगीज महागुरूंनाही होती. ती समजू शकते. परंतु भीती समजून घेणे वेगळे आणि तिच्या नावाने घडलेले माफ करणे वेगळे. पुढे सत्यशोधन आयोगाने 'शेगा', म्हणजे 'पुरे झाले', या अहवालात २००५ साली हिशेब मांडला: १९७४ ते १९९९ या काळात संघर्षापायी किमान १,०२,८०० माणसे मेली. त्यांतील सुमारे १८,६०० मारली गेली वा नाहीशी झाली आणि उरलेली ८४ हजारांवर उपासमारीने व आजारांनी गेली. भुकेने मेलेल्यांत साम्यवादी किती होते, हे कोणी मोजले आहे काय?

तिसरी सबब आपल्या अधिक जवळची. गोव्यात १९६१ साली भारताने जे केले तेच इंडोनेशियाने तिमोरमध्ये केले, असे समर्थन तेव्हा केले गेले. गोव्याची मुक्ती गोमंतकीयांच्याच दीर्घ लढ्याच्या शेवटी आली होती. तिमोरच्या लोकांनी जाकार्ताला बोलावले नव्हते. गोव्यात १९६७ साली जनमत कौल घेतला गेला; गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन व्हावयास नकार दिला आणि आपल्याला तो आवडला नसला तरी आपण तो मानला. तिमोरला हा प्रश्न विचारण्यास चोवीस वर्षे लागली. ३० ऑगस्ट १९९९ रोजी सुमारे ९८ टक्के मतदारांनी मतदान केले आणि ७८.५ टक्क्यांनी इंडोनेशिया नको असे सांगितले. तुलना येथे संपते.

आता थोडे आपल्याकडे वळतो, कारण दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखवणे सोपे असते. हे मुसलमानांनी ख्रिस्ती लोकांवर केलेले आक्रमण होते, असे आपल्यातील काही जण बिनदिक्कत सांगतात. ते असत्य आहे. आक्रमणाची आखणी करणाऱ्यांतील एक प्रमुख सेनाधिकारी, बेनी मुर्दानी, कॅथॉलिक होते. विरोधात मत देणारे फिलिपाईन्स कॅथॉलिक होते. १९९४ साली मनिलात तिमोरविषयी परिषद भरली, तेव्हा जाकार्ताची नाराजी नको म्हणून तेथील सरकारने परदेशी प्रतिनिधींना देशात येण्यास मज्जाव केला. त्यानंतर दोन वर्षांनी क्वालालंपुरात अशीच परिषद सत्ताधारी पक्षाच्या तरुणांच्या जमावाने उधळून लावली. मनिलाचा जपमाळ आणि क्वालालंपूरची तसबीह, दोहोंच्या मण्यांत तेव्हा तिमोरला जागा नव्हती. उलट, सप्टेंबर १९९९ मध्ये सुआईच्या चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या लोकांसमवेत जे तीन धर्मगुरू मारले गेले, त्यांतील येशूसंघीय तार्सिसियस देवांतो हे जावाचे, म्हणजे इंडोनेशियाचे सुपुत्र होते आणि त्यांना नुकतीच गुरुदीक्षा मिळाली होती. आणि २००० साली दिलीच्या सांताक्रूझ दफनभूमीत जाऊन ज्यांनी क्षमा मागितली, ते इंडोनेशियाचे अध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद हे मुस्लिम धर्मपंडित होते. त्याच दफनभूमीत १२ नोव्हेंबर १९९१ रोजी मिस्सेनंतर निघालेल्या मिरवणुकीवर सैन्याने गोळ्या झाडल्या होत्या. संघटना म्हणून आसियानने अशी क्षमा मागितलेली नाही.

रोमलाही या हिशेबातून सूट देता येत नाही. मार्टिनो दा कोस्टा लोपीस (आडनाव ऐकताच वसईकराला घरचे वाटावे!) हे दिलीचे प्रेषितीय प्रशासक. त्यांनी कत्तलींविरुद्ध उघड आवाज उठवला आणि १९८३ साली त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी मवाळ म्हणून आणलेल्या कार्लोस बेलो यांनी १९८९ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना पत्र लिहून जनमताची मागणी केली. पुढे १९९६ चे नोबेल त्यांना आणि रामोस-होर्ता यांना विभागून मिळाले. याच बेलो यांच्यावर अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले व व्हॅटिकनने २०२० साली त्यांच्यावर निर्बंध घातल्याचे २०२२ मध्ये मान्य केले, हेही येथे लिहिलेच पाहिजे. दुर्बलांची बाजू मांडणाऱ्या लेखात त्या मुलांना वगळले तर मीही पंचांपैकीच एक ठरेन.

रोमने एक गोष्ट मात्र कधी केली नाही. दिलीचा धर्मप्रांत तिने इंडोनेशियाच्या बिशप मंडळाला जोडला नाही. तो थेट रोमच्याच अधीन ठेवला. वर्षानुवर्षे राजदूतांच्या दबावाखाली टिकवलेला हा कागदोपत्री अडथळा जाकार्ताला सलत असे. ऑक्टोबर १९८९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तासी तोलू येथे मिस्सा अर्पण केली आणि समारोपाला तरुणांनी निदर्शने केली, तेव्हा परदेशी पत्रकारांनी ती पाहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच जागी पोप फ्रान्सिस यांच्या मिस्सेला सुमारे सहा लाख लोक, म्हणजे जवळजवळ निम्मा देश, जमला होता.

१९९९ च्या जाळपोळीनंतर ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली जे शांतिसैन्य उतरले, त्यात थायलंड व फिलिपाईन्स यांचे जवान होते. त्यांचे ऋण नाकारू नये. २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. मार्च २०११ मध्ये त्याने आसियानकडे रीतसर अर्ज केला आणि साडेचौदा वर्षे ताटकळला. तुमची प्रशासकीय कुवत नाही, शेकडो बैठकांना पाठवण्याइतके अधिकारी नाहीत, असे त्याला ऐकवले गेले. निर्णय सर्वानुमते होत असल्याने एकाची शंकाही पुरेशी होती. अधिकारी कमी होते, हे खरेच; ते शिकण्याच्या वयात काय होत होते, हे वर सांगितले आहे. म्यानमारला १९९७ साली लष्करी राजवटीसह प्रवेश देताना कुवतीची अशी परीक्षा कोणी घेतली नव्हती. आणि गंमत अशी की तिमोरच्या प्रवेशासाठी सर्वांत आग्रही राहिला तो इंडोनेशियाच.

त्या म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. पोलिसांपुढे रस्त्यात गुडघे टेकून 'मुलांना मारू नका, मला मारा' अशी विनवणी करणाऱ्या सिस्टर अॅन रोझ न्यू तॉंग यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. आसियानने त्या वर्षी एप्रिलात पाच कलमांची सहमती काढली; बाँब पडतच राहिले. आसियानच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तिमोर-लेस्तेने मात्र २०२३ मध्ये तेथील लोकशाहीवादी सरकारच्या प्रतिनिधींना दिलीत सन्मानाने बोलावले. लष्करशहांनी तिमोरच्या राजदूत-प्रभाऱ्यांना देशाबाहेर काढले. पंतप्रधान गुज्मांव यांनी त्याआधीच आसियान म्यानमारचा प्रश्न सोडवू शकत नसेल तर आपण तिचे सदस्य होणार नाही, असे बोलून दाखवले. सदस्यत्व हातातोंडाशी आलेले असताना तेरा-चौदा लाख लोकवस्तीच्या, तेलाच्या पैशावर चालणाऱ्या देशाने हे म्हणावे! मोठ्यांच्या जिभेला हे कधी जमले नाही.

आता तो सदस्य झाला आहे. समुद्रातील बायू-उंदानचा वायू आटला आहे, तरुणांना कामे हवी आहेत, बाजारपेठ हवी आहे. पंचांच्या शेजारी बसून हळू आवाजात बोलण्याचा मोह त्याला होणार. २०२६ चे अध्यक्षपद फिलिपाईन्सकडे आहे. १९७५ च्या मताची आणि १९९४ च्या बंद दरवाजाची आठवण मनिलाला करून देण्याचे काम तिमोर एकट्याने का करावे? तेथील ख्रिस्तसभा आपली आहे, तेथील महागुरू आणि आपले महागुरू आशियाई बिशपांच्या महासंघात एकत्र बसतात. त्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत म्यानमार आणि १२ डिसेंबर १९७५ चे मतदान हे दोन्ही विषय घालावेत, अशी मागणी आपल्या धर्मग्रामांनी लेखी करावी. पहिली सही माझी घ्यावी.