कोथिंबीर म्हणजे भाजी नव्हे!

परवा शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही चौघं एका मायक्रोब्रूअरीत गेलो. मेनूवर ठळक अक्षरांत 'डबल ड्राय हॉप्ड आयपीए', आणि किंमतही त्याच थाटात. पहिला घोट मस्त.. आंबा, संत्र्याची साल वगैरे. अर्धा ग्लास संपेपर्यंत मात्र पालापाचोळा चघळल्यासारखं वाटायला लागलं. वेटरला सांगितलं तर म्हणे, "सर, यात हॉप्स जास्त आहेत ना!" च्यायला, माझं भांडण नेमकं त्याच्याशीच आहे.

आधी थोडं तांत्रिक. हॉप्स उकळत्या वॉर्टमध्ये (म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात) घातले की त्यातल्या अल्फा आम्लांचं रूप बदलतं आणि बिअरला कडूपणा येतो. पण मिर्सीनसारखी सुगंधी तेलं उकळताना बरीचशी उडून जातात. म्हणून बिअर आंबत असताना किंवा आंबून झाल्यावर पुन्हा हॉप्स टाकायचे. हेच ड्राय हॉपिंग. फोडणीतला मसाला वेगळा आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर वेगळी, तसंच.

ही काही आजची फॅशन नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून हिंदुस्थानात येणाऱ्या पेल एलच्या पिंपांतही हॉप्स टाकत. अमेरिकेत १९७५ साली अँकर ब्रूइंगने 'लिबर्टी एल'मध्ये कॅस्केड जातीचे हॉप्स असेच वापरले. त्यात मुद्दा वासाचा होता, वजनाचा नव्हे.

मग बिघडलं कुठे? 'जास्त म्हणजे भारी' हा हिशोब आला तिथे. ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत थॉमस शेलहॅमर यांच्या गटाने कॅस्केडवर केलेले प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाले. लिटरमागे साधारण ८ ग्रॅमच्या पुढे सुगंध फारसा वाढत नाही. उलट लिंबू-संत्र्याचा वास मागे पडून चहापत्तीसारखा वास पुढे येतो. शिवाय हॉप्समधली एन्झाइम्स बिअरमधल्या उरलेल्या डेक्स्ट्रिनची साखर करतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं, अल्कोहोल आणि गॅस वाढतो. घाई केली तर लोण्यासारखा वासही राहतो. हॉप्समध्ये अशी एन्झाइम्स असतात हे ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच लिहून ठेवलंय! म्हणजे हे नवं कोडं नाही, जुनाच बग आहे.

कोणी म्हणेल, ज्याला आवडतं त्याला पिऊ दे की. पिऊ दे ना! पण कोडच्या ओळी दुप्पट झाल्या म्हणून सॉफ्टवेअर दुप्पट चांगलं होत नाही, हे आपण मॅनेजरला रोज सांगतो. मग ग्लास हातात आला की हे शहाणपण जातं कुठे? पैसे आपणच मोजतो, राव.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी दोनच प्रश्न विचारा. हॉप्स कुठल्या जातीचे? आणि ही बिअर कधी तयार झाली? कारण हा सुगंध हवा लागली की झपाट्याने उतरतो. ताजेपणा नसेल तर 'डबल' काय नि 'ट्रिपल' काय. उत्तरात नुसतंच "सर, डबल आहे" असं आलं, तर सरळ साधी व्हीट बिअर मागवा.

असो. चिअर्स!