आजींच्या हातची सुई काढून घेऊ नका

म्हाताऱ्या आईला दवाखान्यात घेऊन येणाऱ्या मुलासुनांची एक तक्रार ठरलेली असते. "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा हिला. दिवसभर गोधडी शिवत बसते. डोळ्यांचं वाटोळं होईल अशानं." आणि माझ्याकडून अपेक्षा अशी, की मी आजींना दटावून सुईदोरा बंद करायला लावावा. मी तसे करीत नाही. का करीत नाही, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे बारीक कामाने म्हाताऱ्या माणसाचे डोळे बिघडत नाहीत. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते म्हणून जवळचे दिसेनासे होते. सुई टाकून दिली तरी ते व्हायचे थांबत नाही. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. आपल्या घरांतून मात्र झगझगीत दिवा असतो दिवाणखान्यात आणि आजी बसलेल्या असतात माजघरातल्या अंधारात! तेव्हा चष्म्याचा नंबर तपासून घ्या, मोतीबिंदू असल्यास काढून घ्या (सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते) आणि आजींची बसण्याची जागा खिडकीपाशी हलवा. इतके करून डोके दुखलेच, तर दर अर्ध्या तासाने थोडे अंगणात बघायचे, बस्स.

दुसरी गोष्ट हातांची, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. पाय घसरून मनगट मोडते, पाच-सहा आठवडे प्लास्टर राहते. ते काढल्यावर बोटे अशी आखडलेली असतात, की पोलक्याचे हूक लागत नाहीत. आम्ही डॉक्टर मग रबरी चेंडू दाबायला सांगतो. तो चेंडू तीन दिवसांत कपाटाखाली जातो, हा माझा नेहमीचा अनुभव. त्याच बाईंना कापूस देऊन वाती वळायला सांगा. लाख वातींचा नेम धरलेली बाई कुणी न सांगता चार महिने व्यायाम करते! फुलवातीला अंगठा आणि तर्जनीची जी चिमूट लागते, तीच रांगोळीला, क्रोशाच्या सुईला आणि रुखवतासाठी गव्हले वळायलाही लागते. अर्धांगातून सावरणाऱ्या रुग्णाच्या हाती मी भिजवलेली कणीक किंवा शाडू देतो.

हा काही माझा शोध नव्हे. हाताच्या कामातून रुग्णाला उभे करणारे 'व्यवसायोपचार' नावाचे शास्त्रच आहे. कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे देशातले पहिले विद्यालय सुरू केले. तालुक्याच्या गावी असा तज्ज्ञ मिळणे कठीण, पण कापूस आणि जुनी लुगडी सर्वत्र मिळतात.

पुरुषमंडळींनी हे बायकांचे काम म्हणून पान उलटू नये. निवृत्त झालेला माणूस सकाळी वर्तमानपत्र संपले की दिवसभर करतो काय? आकाशकंदिलासाठी कामट्या तासणे, पतंगाचा कागद कातरून चिकटवणे ही आपल्याकडे पुरुषांचीच कामे होती. आता बाजारातून तयार प्लॅस्टिकचा कंदील येतो आणि आजोबा माझ्याकडे झोपेची गोळी मागायला येतात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सत्तर ते एकोणनव्वद वर्षांच्या माणसांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. शिवणकाम, विणकाम असे हस्तव्यवसाय करणाऱ्यांत स्मरणशक्तीच्या तक्रारी कमी आढळल्या. अर्थात ज्यांचे डोके शाबूत तेच विणत बसतात, असेही असू शकेल. म्हणून गोधडीने विस्मरण टळते, असे मी कुणाला लिहून देणार नाही. गोधडी शिवणाऱ्या आजींना झोप बरी लागते आणि दुपारी त्या कुणाची वाट पाहत बसत नाहीत, एवढे मात्र माझ्या रोजच्या पाहण्यातले आहे.

पथ्ये थोडी आहेत. सांधे लाल होऊन सुजले असतील तर त्या दिवसांत विश्रांती. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर दाखवून घ्यावे. मधुमेहात बोटे बधिर झालेली असली तर सुई टोचलेली कळतच नाही. अशांनी अंगुस्तान घातल्याशिवाय दाभण हातात घेऊ नये आणि रात्री बोटे निरखून पाहावीत. दम्याच्या रुग्णांनी रांगोळी पाखडू नये, ती दगडाची बारीक पूड असते. गुडघे धरलेल्यांनी जमिनीवर बसण्याचा हट्ट सोडावा आणि गोधडीचे ओझे टेबलावर टाकून खुर्चीत बसावे. सुई ओवण्याचे काम नातवंडांकडे द्यावे. शाळेला जाण्यापूर्वी पाच-सहा सुया ओवून कापडाच्या गुंडाळीला टोचून ठेवायच्या आणि संध्याकाळी तितक्याच परत मोजून घ्यायच्या.